मधुमेह असताना कोकणी घरातलं रोजचं जेवण कसं निवडावं

साखर वाढल्याचा रिपोर्ट हातात आला की घरोघरी दुसऱ्या दिवसापासून बंद करायच्या पदार्थांची यादी निघते. भात बंद, बटाटा बंद, आंबा बंद, नारळ बंद. त्यांच्या जागी गूळ घातलेली नाचणीची आंबील येते, सकाळी कारल्याचा रस येतो. महिन्याभराने तपासावं तर आकडा जवळपास तिथेच, आणि घरातलं माणूस मात्र जेवणावरून रोज वैतागलेलं. याचं कारण बहुतेक वेळा एकच सापडतं: काय खायचं हे ठरवलं, पण किती खातोय हे कुणी मोजलंच नाही. दुपारचा दोन वाट्या भात सुटला आणि त्याजागी तीन भाकऱ्या आल्या.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे वाटतात म्हणून लोक ते गाळतात, आणि पुढचं सगळं तिथेच फसतं.

हे सगळं टाइप २ मधुमेह असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. टाइप १, गरोदरपणातला मधुमेह, लहान मुलं किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ताट डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांकडूनच आखून घ्या.

टप्पा १: जेवण बदलण्याआधी गोळ्या आणि रिपोर्ट समोर ठेवा

पहिल्यांदा गोळ्यांची पाकिटं काढा आणि त्यांच्यावरची औषधांची नावं कागदावर उतरवा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण अचानक कमी केल्यावर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. अशा वेळी भात निम्मा करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. मात्रा बदलावी लागेल का ते विचारा. फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर हा धोका बराच कमी असतो.

दुसरं, क्रिएटिनिनचा आणि लघवीतल्या प्रथिनांचा रिपोर्ट शोधा. मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर पुढे सांगितलेली कडधान्यं, शहाळं, फणस यांचं प्रमाण तुमच्यासाठी वेगळं असेल. हा रिपोर्ट वर्षभरात काढलेलाच नसेल तर आधी तो काढा.

तिसरं, घरात चालू स्थितीतलं ग्लुकोमीटर आणि मुदत न संपलेल्या पट्ट्या असू द्या. समुद्रकाठच्या दमट हवेत पट्ट्यांची डबी उघडी राहिली की पट्ट्या खराब होतात आणि आकडे भलतेच येतात. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा.

सावधान: हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. आकडा ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. आकडा वर आला की थोडं जेवण द्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साखर हळू लागू पडते, तिथे ग्लुकोज पावडरच हवी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

टप्पा २: तीन दिवस आहे तेच जेवा, फक्त मोजा

या तीन दिवसांत काहीही बदलायचं नाही. नेहमी जेवता तसंच जेवा आणि लिहून ठेवा.

सुरुवात वाटीपासून करा. आहेरात आलेल्या, जुन्या पितळेच्या, मुलांच्या अशा सगळ्या आकारांच्या वाट्या एका घरात असतात आणि डॉक्टरांना सांगताना सगळे ‘एकच वाटी’ म्हणतात. मापाच्या भांड्याने पाणी ओतून १५० मिलीची एक वाटी शोधा आणि ती भातासाठी वेगळी काढून ठेवा. त्या वाटीत साधारण १२० ग्रॅम शिजलेला भात बसतो. १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पोटात गेल्यावर ज्याची साखर होते तो भाग. एका वाटीत ३३ ग्रॅमच्या आसपास झाली.

आता भाकरी. एका भाकरीला किती पीठ लागतं ते मळण्याआधी काट्यावर तोला. आपल्याकडची हातावर थापलेली भाकरी सहज ५० ग्रॅम पिठाची निघते, कधी त्याहून मोठी. ५० ग्रॅम तांदळाच्या पिठात जवळपास ४० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे तांदळाची एक भाकरी ही सव्वा वाटी भाताच्या बरोबरीची. तेवढ्याच नाचणीच्या भाकरीत ३३-३४ ग्रॅम. भात सोडून भाकरीवर आलेल्यांचा आकडा का हलत नाही, ते इथे कळतं. घावणे आणि आंबोळ्याही याच हिशेबात येतात: जाळी सुंदर पडली, हलके लागले, म्हणून चार-पाच कधी पोटात गेले ते समजत नाही.

जेवणाबाहेरचंही लिहा. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर म्हणजे जवळपास ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. त्यासोबतचे बटर, खारी, टोस्ट वेगळे. येता-जाता तोंडात टाकलेले काजू, देवळातला प्रसाद, शेजारून आलेली खापरोळी, सगळं वहीत हवं. गुळाचा चहाही ‘गोड चहा’ म्हणूनच लिहा. गूळ, काकवी, मध यांनी रक्तातली साखर वाढतेच.

तपासणी: या तीन दिवसांत रोज सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, अशा दोन नोंदी घ्या. बऱ्याच प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य असतं. वय, इतर आजार पाहून डॉक्टरांनी वेगळे आकडे दिले असतील तर तेच धरा.

टप्पा ३: ताट वाढण्याचा क्रम उलटा करा

आपल्याकडे ताटात आधी मधोमध भाताचा ढीग येतो, त्यावर कालवण, बाजूला माशाची तुकडी, आणि भाजी असलीच तर चमचाभर कडेला. मधुमेहात हे ताट उलट्या क्रमाने भरायचं.

अ. २३ सेंटिमीटरच्या, म्हणजे नऊ इंची ताटलीत जेवा. घरातलं मोठं स्टीलचं ताट भरल्यासारखं दिसेपर्यंत वाढलं की प्रमाण बिघडतंच.

आ. आधी अर्धी ताटली भाजी आणि कोशिंबीर. पडवळ, शिराळी, दुधी, भेंडी, वांगी, केळफूल, तवसं, शेवग्याचा पाला, पावसात टाकळा, कुर्डू, फोडशी.

इ. मग पाव ताटलीत मासे, अंडी, चिकन किंवा कडधान्याची उसळ.

ई. शेवटी उरलेल्या पाव ताटलीत भात किंवा भाकरी. दोन्ही नको, एकच. ‘एक भाकरी आणि वर थोडा भात’ ही सवय मोडणं सगळ्यात अवघड जातं, पण दुपारच्या आकड्यावर सगळ्यात मोठा फरक तिथेच दिसतो.

खातानाही हाच क्रम ठेवा: आधी भाजी-कोशिंबीर, मासे, मग भात. तेच पदार्थ, तेवढेच, पण भात शेवटी खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं परसात किंवा पाखाडीवरून सावकाश चाला.

सावधान: बटाटा, रताळं, सुरण, करांदे, कणगर, कच्ची केळी, आठळ्या या भाज्या म्हणून शिजतात, पण ताटातली त्यांची जागा भाताच्या पाव भागात आहे. आठळ्या घालून फणसाची भाजी केली असेल त्या दिवशी भात निम्मा. कुयरीच्या, म्हणजे कोवळ्या फणसाच्या, भाजीला तेवढी भीती नाही. काळ्या वाटाण्याचं सांबार, चवळी, वालाचं बिरडं यांत प्रथिनं आहेत तशी कर्बोदकंही आहेत, म्हणून एक वाटी पुरे.

टप्पा ४: आता पदार्थ निवडा

इथवर आल्यावरच पदार्थांच्या निवडीला अर्थ येतो.

भात आणि पेज. पांढऱ्या सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा उकडा तांदूळ साधारणपणे साखर थोडी हळू चढवतो. ज्यांच्या घरी उकडा शिजतो त्यांनी तो सोडून महागडे पॉलिशचे तांदूळ आणायचं काही कारण नाही. वाटीचं माप मात्र उकड्यालाही तेच. पेजेचं वेगळं आहे. पेज पातळ असते, म्हणून ती हलकी असा सगळ्यांचा समज. पण दाणा पार फुटेपर्यंत शिजवलेला असतो आणि त्यातला पिठूळ भाग पाण्यात उतरलेला असतो. मोठा वाडगा भरून, वर पुन्हा निवळ ओतून, नुसत्या लोणच्याशी किंवा खारातल्या मिरचीशी प्यायली की नाश्त्यानंतरचा आकडा चढतो. पेज हवीच असेल तर माणशी ३० ग्रॅम तांदूळ शिजवण्याआधी तोलून घ्या, दाणा फार फुटू देऊ नका, आणि सोबत मोड आलेल्या मुगाची उसळ किंवा उकडलेलं अंडं घ्या. सुक्या बांगड्याचा तुकडा भाजून पेजेबरोबर खाण्याची चव मला समजते. तो खा, पण छोटा आणि खारटपणा उतरवून.

नाचणी. भाकरीत तिचा फायदा आहे, कारण पांढऱ्या तांदळापेक्षा तिच्यात तंतू कितीतरी जास्त असतात. भाकरीचं पीठ जरा जाडसर दळून आणा. तेच बारीक पीठ पाण्यात शिजवून आंबील केली, त्यात गूळ घातला, की बराचसा फायदा गेला. आंबील करायचीच तर ताकातली, मीठ-जिरं घालून, छोटी वाटीभर. नाचणीच्या बिस्किटांच्या पुड्यावरची घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि बऱ्याचदा पहिल्या जागी मैदा आणि लगेच साखर दिसते.

कुळीथ. आपल्याकडे याचं पिठलं, म्हणजे कुळथाची पिठी, घराघरात होते. पण चार माणसांच्या पिठीत पीठ असतं तीन-चार चमचे. म्हणजे माणशी जेमतेम एक चमचा, आणि त्या पातळ पिठीबरोबर भात मात्र दोन वाट्या जातो. प्रथिनं मिळावीत असं वाटत असेल तर कुळीथ भिजवून, मोड काढून उसळ करा. माणशी ३० ग्रॅम कोरड्या कुळथातून सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्याइतकी. पिठी करायची त्या दिवशी ती दाट करा आणि ताटात भाजी वाढवा.

मासे. या बाबतीत कोकणातला माणूस भाग्यवान आहे. १०० ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं जवळपास शून्य. बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्तातले मासे हृदयासाठी उपयोगी असलेल्या ओमेगा-३ मेदाने भरलेले असतात. सुरमई-पापलेट परवडत नाही म्हणून खंत करू नका. तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं मधुमेहींसाठी उत्तम. त्यात तेल कमी, वाटण कमी, आणि चव भरपूर. तळायचं असेल तर रवा किंवा तांदळाच्या पिठाचा पातळ हात आणि तव्यावर चमचाभर तेल.

जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि घरं सुकट, जवळा, सोडे, सुका बांगडा यांच्यावर येतात. मधुमेहासोबत रक्तदाब असणारे पुष्कळ असतात, त्यांना हे मीठ बाधतं. दिवसाला मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. खारवलेला मासा कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घाला, मधे एकदा पाणी बदला, आणि त्या भाजीत वरून मीठ घालू नका. त्या दोन महिन्यांत अंडी, मोडाची कडधान्यं आणि ताक यांवर भर द्या.

नारळ. साखर वाढते म्हणून नारळ पूर्ण बंद करायची गरज नाही, ओल्या खोबऱ्यात कर्बोदकं कमीच असतात. पण त्यातला मेद बहुतांश संपृक्त आणि उष्मांक भरपूर. वजन आणि कोलेस्टेरॉल जास्त असेल तर माप हवं. चार माणसांच्या कालवणाला अख्खा नारळ वाटत असाल तर अर्ध्यावर या. वाटणाला दाटपणा हवा असेल तर भाजलेला कांदा आणि थोडे धणे वाढवा.

कोकम. दुकानात शेजारी शेजारी दोन बाटल्या असतात आणि गडबड इथेच होते. अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकातलं, सरबतासाठी. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, बिनसाखरेचा. सोलकढीला आगळ घ्या आणि मग वेगळं मीठ घालू नका. रक्तदाब असेल तर आमसुलं भिजवून केलेली कढी बरी, त्यात मीठ आपल्या हातात राहतं. ‘कोकम चांगलं असतं’ म्हणून उन्हाळ्यात रोज दोन पेले अमृत कोकम पिणं म्हणजे रोज दोन पेले साखरपाणी.

शहाळ्याच्या पाण्यात एका मध्यम फळामागे दहा-पंधरा ग्रॅम कर्बोदकं येतात. अधूनमधून चालतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यातल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

फळं. मध्यम हापूसच्या गरात साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. साखर आटोक्यात असेल तर दिवसाला अर्धा आंबा खायला हरकत नाही, पण अटी पाळा: फोडी करून खा, रस काढू नका; दुपारी चार-पाचला खा, जेवणावर नको; आणि त्या दिवशी दुसरं गोड काही नको. आमरस-पुरी, आंबापोळी, फणसपोळी यांत हे माप सांभाळणं जमत नाही. पिकल्या फणसाचे दोन-तीन गरे पुरे. पेरू, जांभळं, करवंदं मोसमात मूठभर खुशाल खा. जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस यांच्या भरवशावर गोळी बंद करू नका.

तपासणी: या आठवड्यात रोजच्या जेवणातले फक्त दोन पदार्थ बदला. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि घरातल्या माणसालाही ते झेपत नाही.

टप्पा ५: उपवास आणि सणाचे दिवस आधीच ठरवा

उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळं आणि वर केळं, हे ताट रोजच्या जेवणापेक्षा जड आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. उपवास करायचाच तर राजगिऱ्याची छोटी भाकरी, दही किंवा ताक, तवशाची कोशिंबीर, मूठभर दाणे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निर्जळी किंवा दिवसभराचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आईला, आजीला हे पटवणं कठीण असतं. त्यांना संध्याकाळी घाम फुटून चक्कर आली तर काय होईल, ते आदल्या दिवशीच शांतपणे समजावून सांगा.

गणपतीत मोदक टाळता येत नाही आणि टाळायलाही नको. एक मोदक घ्या, त्या जेवणात भात-भाकरी वगळा. मोदकाची पारीच तांदळाची आहे आणि सारणात गूळ आहे. घरोघरी दर्शनाला जाताना प्रसाद चिमूटभर घ्या, बाकीचा पुडीत बांधून मागा. कोकणात याचं कुणी वाईट मानत नाही. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या होतात. तिथे भाजी भरपूर, सांबार वाटीभर आणि आंबोळी एकच. कोंबडी-वड्यांच्या दिवशी कोंबडी मनसोक्त खा, वडे दोनावर थांबवा, भात नको.

टप्पा ६: आपल्या शरीरावर तपासा

एकच पदार्थ दोन माणसांत वेगळे आकडे देतो. म्हणून कुणाच्या सांगण्यापेक्षा आपली वही खरी.

अ. एक जेवण ठरवा: समजा बांगड्याचं तिखलं, पडवळाची भाजी, कोशिंबीर आणि एक वाटी उकड्या तांदळाचा भात.

आ. पहिल्या घासाआधी साखर तपासा आणि दोन तासांनी पुन्हा तपासा. दोन्ही आकडे लिहा.

इ. दुसऱ्या दिवशी बाकी सगळं तेच ठेवून फक्त भाताऐवजी एक नाचणीची भाकरी. पुन्हा तेच दोन आकडे.

ई. ज्याने आकडा कमी चढला ते रोजचं. फरक जवळपास नसेल तर आवडेल ते खा.

सावधान: बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापल्यावर, गूळ चिरल्यावर बोटाला लागलेल्या गोडव्याने यंत्र खोटाच मोठा आकडा दाखवतं. मे महिन्यात हे फार होतं.

सकाळचा उपाशीपोटीचा आकडा सतत वर येत असेल तर रात्रीचं जेवण तोडून उपाशी झोपू नका. रात्री यकृत स्वतःच साखर सोडत असतं, आणि त्यावर बहुतेक वेळा औषधातच बदल लागतो. जेवणं माफक असूनही दोन तासांनी १८० च्या वर जात असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडा ३०० च्या पुढे आणि सोबत उलट्या, खूप तहान, धाप असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात. उलट, नवं ताट सुरू केल्यावर आकडे ८०-९० च्या खाली उतरायला लागले आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर तीन महिन्यांनंतरच्या एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) तपासणीची वाट पाहू नका. मात्रा कमी करायची का, हे विचारायला त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा.